मोगऱ्यावरचा करपा

लाखनीजवळच्या त्या गावात धानाला युरिया कधी द्यायचा, हे केवळरामाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणाला पटत नसे. बांधावरून जाणारा माणूस "केवळरामभाऊ, किती टाकू?" विचारूनच पुढे जाई. मग केवळराम धानाची पात बोटांत धरून, डोळे बारीक करून असं काही सांगे, की युरियाचा कारखाना याच्याच परसात आहे असं वाटावं.

घरात मात्र त्याला कोणी काही विचारत नसे. अंगणात रंगाच्या जुन्या डब्यात त्याच्या बायकोचा, चंद्रकांताबाईचा मोगरा होता. माहेरची फांदी. आई गेली, माहेरचं घर पडलं, राहिला तो एवढा मोगरा. लेकीच्या बाळंतपणासाठी तुमसरला जाताना तिने बजावलं, "अजी, पाणी तेवढं घाला. खत टाकू नका."

हे त्याला झोंबलं. अख्ख्या शिवाराच्या खताचा मान ज्याला, त्याच्यावर एका डब्याचा भरवसा नसावा? तिची बस हलते न हलते तोच त्याने मोगऱ्याला मूठभर युरिया दिला. धानाच्या बांधीत पाणी धरून ठेवावं लागतं, आणि इथे तर डब्याला खालून भोकं. बाईमाणसाची शेती, दुसरं काय, असं पुटपुटत त्याने भोकांत चिंध्या कोंबल्या आणि डबा काठोकाठ भरला. मग रोज सकाळी उठून, मोगरा धानासारखा पोटरीवर आला का, निसवून कळ्या कधी बाहेर टाकतो, याची वाट पाहू लागला.

मोगरा काही निसवला नाही. पानांची टोकं तपकिरी झाली, मग पानंच गळू लागली. केवळरामाने एक पान बोटांत धरलं, डोळे बारीक केले आणि निदान केलं: करपा. धानावर येतो तोच. औषध आणायला तो लाखनीच्या कृषी केंद्रात गेला. दुकानदाराने विचारलं, किती एकरात आहे?

"एका डब्यात हाय," केवळराम म्हणाला.

दुकानात गावचेच दोघे-तिघे उभे होते. दुकानदाराने खोदून खोदून विचारलं, तेव्हा युरिया, चिंध्या, सगळं बाहेर पडलं. हा करपा नव्हे, खताने मुळं जाळली. भोकं मोकळी करा आणि भरपूर पाणी ओतून खत धुऊन काढा, असं तो हसू दाबत म्हणाला. गावच्यांनी हसू दाबलं नाही.

केवळरामाने दिवसभर पाणी ओतलं. तरी डब्यात उरल्या नुसत्या काड्या. त्यांच्यापुढे बसला तेव्हा त्याला सासू आठवली. दर उन्हाळ्यात जावयाच्या उशाशी ओंजळभर फुलं ठेवायची. त्याला खरंच रडू आलं.

ऊन फार होतं, असं सांगायचं त्याने पक्कं केलं होतं. पण परत आलेल्या चंद्रकांताबाईने डब्याला हात लावताच तो बोलून गेला, "म्याच जाळला. युरिया टाकून."

तिने डबा बाजूला सारला. मग शेजारच्या रत्नाबाईच्या अंगणात गेली आणि एक कुंडी घेऊन आली. कुंडीत मोगरा होता, कळ्यांसकट.

"मागच्या पावसातच तिकडं एक फांदी लावून ठेवली होती," ती म्हणाली. "तुमचा हात मले माहीत हाय, अजी."

तिने शेणखताचं टोपलं आणून त्याच्यापुढे ठेवलं आणि टाका म्हणाली. सवयीने त्याचा हात टोपल्यात गेला, मूठ भरली, आणि तिथेच थांबली. त्याने मान वर केली.

"किती टाकू?"