डोंगर न पाहिलेले अध्यक्ष

सोलापूरच्या मे महिन्यात गळ्यात लोकरीचा मफलर घालून हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शाळेतले चित्रकलेचे गुरप्पा सर. बाहेर कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून बसलेले, आणि हे मफलरचं टोक ऐटीत मागे फेकत वर्गात शिरायचे. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं : “सवय हाय हो. आपला डोंगराशी संबंध हाय की!” संबंध काय, तर सासुरवाड महाबळेश्वरकडची. पोरांना ‘आमचा बाजार’ असा विषय दिला तरी भाजीवालीच्या मागे दोन डोंगर काढायला लावायचे. “मागं डोंगर पायजे. न्हाईतर चित्र पडतंय,” म्हणायचे. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण खोटं इतक्या प्रसन्नपणे बोलणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

मोठ्या दुष्काळानंतरची गोष्ट. आम्ही एकवीस शिक्षकांनी मिळून घरांसाठी सोसायटी काढली होती. मला घर हवं होतं ते आईसाठी. तिला दमा. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं, आणि उन्हाळाभर आई भिंतीला पाठ टेकून बसूनच रात्र काढायची. आडवी झाली की श्वास कोंडायचा. तीन उन्हाळे मी तिला आडवी झोपलेली पाहिली नव्हती.

सरकारकडून जमीन मिळाली, आम्ही उड्या मारत पाहायला गेलो, आणि बघतो तर काय! गावाबाहेरचं बोडकं, खडकाळ टेकाड. आमचे हेडमास्तर सोसायटीचे अध्यक्ष होते. त्याच संध्याकाळच्या सभेत त्यांनी राजीनामा टेबलावर आपटला आणि ते चालते झाले. त्या खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना. गुरप्पा सर तेवढ्यात चहा सांगायला खाली गेले होते. जो सभेत हजर नसतो त्याच्या गळ्यात पद पडतं, ही आपल्याकडची जुनी रीत. शिवाय त्यांचा डोंगराशी संबंध! सर किटली घेऊन वर आले तोवर ते बिनविरोध अध्यक्ष झालेले होते.

“अगा, मी चहा सांगायला गेल्तो की!” सर म्हणाले. मग किटली टेबलावर ठेवत, “बरं, अध्यक्षाचा पयला हुकूम. कप धरा.”

जमीन ठेवायची की परत करायची, हे महिन्याभरात कळवायचं होतं. परत करा म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा. माझी दम्याची आई त्या टेकाडावर चढणार कशी? मी सपाट जमिनीसाठी अडून बसलो.

“आणि आई चढल्या तर?” सरांनी विचारलं.

“चढवून दाखवा,” मी फणकारलो.

शेवटची सभा अध्यक्षांनी थेट टेकाडावरच बोलावली, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी. नोटिशीत स्वहस्ते लिहिलं होतं : ‘सहकुटुंब यावे. सभासद न आल्यास चालेल, कुटुंब हवेच.’ मी खो खो हसलो. तिथंच चुकलो.

आईला आणलं ते खुद्द अध्यक्षांनी. हातगाडीवर सतरंजी टाकलेली, वर आई, आणि मफलर डोक्याला मुंडाशासारखा गुंडाळून सर गाडी ओढतायत. मी धावत जाऊन मागून हात लावला.

“अरे बाबा, मी काय कापसाचा गठ्ठा आहे का?” आई करवादत होती.

“न्हाई हो आई. गठ्ठा गप बसतोय.”

वर मात्र वारं होतं. दिवसभर पत्र्याखाली भाजून निघालेल्या बायका पदर सैल सोडून निवांत बसल्या, शेंगाचटणी-भाकरीचे डबे उघडले. कुणीतरी सरांच्या बायकोला विचारलं, “वहिनी, महाबळेश्वरला असंच वारं असतं का हो?”

“कुटलं म्हाबळेश्वर? माझं माहेर मोडनिंब. मामा तेवढा तिकडं नोकरीला. लगीन झाल्यावर एकदा गेलो, तर आठ दिवस नुसतं धुकं. ह्यांनी डोंगर बघितला न्हाई, डोंगरानं ह्यांना न्हाई.”

सगळं टेकाड हसलं. सर जराही ओशाळले नाहीत. “धुक्यात डोंगर असतोयच की! दिसत न्हाई एवढंच.”

मला आयतं कोलीत मिळालं. “असल्या थापाड्या अध्यक्षाचं काय ऐकायचं? घ्या मतदान!” मी ओरडलो.

“जमीन ठेवायची म्हणनाऱ्यांनी हात वर करा,” सर म्हणाले. पुरुषांनी आधी बायकांकडे पाहिलं. बायकांनी असं काही पाहिलं की एकेक हात मुकाट वर गेला. एकविसांत दहा झाले. एक कमी पडत होता.

सर माझ्याजवळ आले. “मास्तर, आईंना इचारा की. परत करायची का?”

मी वळलो. आई सतरंजीवर आडवी झाली होती. कुशीवर, हात उशाला घेऊन. छातीतली शिट्टी ऐकू येते का म्हणून मी वाकलो. आली नाही. आई गाढ झोपली होती.

“उठवा की,” सर म्हणाले.

मला कसलं उठवतंय! डोळे पुसले आणि हात वर केला.

“ठराव मंजूर,” अध्यक्ष कुजबुजले. “टाळ्या कुणी वाजवू नका. आई झोपल्यात.”