ताटात नसलेल्या घासाचे उपकार

मी साक्ष द्यायला उभा राहिलो तेव्हा म्हातारीने माझा सदरा मागून ओढला होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे म्हाताऱ्याला कुणी अडवलं नाही असं कुणी म्हणायला नको.

झालं असं, की मुलाची नोकरी गेली. दुबईतल्या एका ऑफिसात तो हिशेबाचं काम बघायचा. कंपनीने अर्धं डिपार्टमेंट बंद केलं, त्यात हाही गेला. इथे नोकरी गेली म्हणजे नुसता पगार जात नाही. त्याच्या व्हिसावर सून, नात आणि आम्ही दोघं म्हातारे, सगळेच टांगलेले. ठरलेल्या मुदतीत दुसरं काम मिळालं नाही तर शारजातलं राहतं घर बंद करायचं, नातीची शाळा मध्येच सोडायची आणि सगळ्यांनी विमानात बसायचं. त्या पोरीला तर आमचं गाव सुट्टीपुरतंच ठाऊक.

आमच्या घरात रोज संध्याकाळी प्रार्थना असते. मी चौथीपर्यंतच शिकलो, वाचायला खरा शिकलो तो पवित्र शास्त्रावरून. त्यामुळे अध्याय मीच वाचतो. मुलगा आधी गुडघे टेकायचा. मग नुसती मान खाली घालून बसायला लागला, मग फोन घेऊन बाल्कनीत जायला लागला. एकदा म्हणाला, "बाबा, देवालाही सीव्ही पाठवलाय. रिप्लाय नाही." मला राग नाही आला. मला चेव आला.

मी विचार केला, आपण ख्रिस्ती माणसं जेवायला बसताना उपकार मानतो. पोट भरल्यावर नाही, आधी. माझा बाप तर इतका वेळ उपकार मानायचा की कालवण गार व्हायचं. मग कामाचे उपकार तेवढे काम मिळाल्यावरच का मानायचे? हे सुचलं आणि मला झोपच येईना. म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, जेवण ताटात तरी असतं."

"विश्वास असला तर ताटात नसलं तरी चालतं."

"मग आज तसंच जेवा."

पूर्वी इथे आमची उपासना शुक्रवारी असायची. सरकारी सुट्टी बदलली तशी आमची मराठी मंडळी रविवारी भरायला लागली. चर्चच्या आवारातला एक हॉल आम्हाला ठरावीक वेळेपुरता मिळतो. आमच्या आधी फिलिपिनो, आमच्या नंतर तमिळ. ते दाराबाहेर येऊन उभे राहतात, म्हणून आमचे पाळकसाहेब घड्याळाकडे बघत उपदेश करतात. त्या रविवारी गायन संपल्यावर त्यांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ती साक्ष. मी उठलो आणि म्हणालो, "प्रभूने माझ्या मुलाला काम दिलं. मी त्याचे उपकार मानतो."

आमेनचा असा गजर झाला की ढोलकीवाल्याने आपणहून ठेका धरला. मुलगा पांढराफटक पडला. बाहेर येईपर्यंत त्याच्या पाठीवर थापा पडत होत्या. दारातल्या तमिळ लोकांनीसुद्धा, काय झालंय ते कळलं नसताना, त्याचे हात हातात घेतले. बायका सुनेला कंपनी कुठली ते विचारत होत्या आणि ती बिचारी, पेपर्स व्हायचेत अजून, म्हणून हसत होती.

परतताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या. मग मुलगा समोर बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही चर्चमध्ये खोटं बोललात."

"खोटं नाही. लवकर बोललो."

मागून नात म्हणाली, "आजोबा, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स."

मंगळवारी फटका बसला. मंडळीतल्या एका बाईने सुनेला अभिनंदनाचा फोन केला. तिचा नवरा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या स्टोअरच्या हिशेबाला माणूस हवा होता आणि तो आमच्या मुलाचं नाव सुचवणार होता. रविवारची साक्ष ऐकली आणि त्याने तो विचार सोडून दिला. आता साहेब माणूस शोधायला एजन्सीला सांगणार. बरं झालं तुमचं आधीच झालं, असंही ती बाई म्हणाली. सुनेने फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडली.

मी मुलाला म्हटलं, फोन कर आणि खरं काय ते सांग. तो म्हणाला, काय सांगू, माझा बाप खोटा आहे म्हणून? नाही करणार. ताठा माझ्याकडूनच त्याच्यात आलेला, मी काय बोलणार!

मी खोलीत जाऊन गुडघे टेकले. प्रभू, मी तुझ्या भरवशावर बोललो, आता माझं हसं करू नकोस, एवढं कसंबसं म्हणालो, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आमेन म्हणायचं राहिलं, मी उठलोच. अरे, काम तर होतंच! मी उपकार मानले त्या वेळी ते त्या कारखान्यात होतं, आम्हालाच ठाऊक नव्हतं. माझी साक्ष खरी होती. काम आणायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

चपला घातल्या, बर दुबईची बस धरली आणि तिथल्या अल मनखूल वस्तीत त्या सुपरवायझरच्या दारात जाऊन उभा राहिलो. या मुलखात वेल्डिंग करत मी उमेदीची सगळी वर्षं घालवली, पण कुणाच्या दारात काम मागायला गेलो नव्हतो. त्या दिवशीही मागायला गेलो नाही. आणायला गेलो.

दार त्यानेच उघडलं. आम्ही ख्रिस्ती माणसं भेटलो की सलामच म्हणतो. "सलाम काका. एकटेच आलात?"

"सलाम. रविवारी ज्या कामाचे मी उपकार मानले ते तुमच्याकडे आहे. ते न्यायला आलोय."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो सोफ्यावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. "म्हणजे काका, त्याला काम मिळालेलंच नाही?"

"मिळालंय. तुम्ही ठेवून घेतलंय."

"अहो, पण साहेबांना माणूस पटायला पाहिजे. इंटरव्ह्यू काय माझ्या हातात आहे?"

"तो कुणाच्या हातात आहे ते मला माहीत आहे. तुम्ही फोन तेवढा लावा."

त्याने माझ्यासमोरच लावला. एजन्सीला अजून कळवलं नव्हतं. साहेब म्हणाला, सकाळी पाठव.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मुलगा आधी माझ्यावर भडकला आणि मग इस्त्री कुठे आहे म्हणून विचारायला लागला. पहाटे रस्ते तुंबायच्या आत तो निघाला. मला बसवेना. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये. म्हातारी म्हणाली, "बसा की जरा. तुमच्याकडे बघून देवाचे पाय दुखायला लागले असतील." पण तिनेही चहात साखर घातली नव्हती.

दुपारी फोन आला. "बाबा, पगार आधीपेक्षा कमी आहे," तो म्हणाला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण उद्या पासपोर्ट घेऊन बोलावलंय."

इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. व्हिसासाठी पासपोर्ट मागितला की अरबी माणूस म्हणतो तसं खलास, झालं, काम पक्कं. म्हातारी आणि सून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला तर ते घर पुरेना. लिफ्टने खाली गेलो आणि आमच्या बिल्डिंगच्या पठाण वॉचमनला मिठीच मारली. तो घाबरला. बाबा, क्या हुआ, म्हणाला.

"बेटे को काम मिला."

"माशाल्ला! कब मिला?"

मी म्हणालो, "इतवार को."