कारंज्यातला गद्दार

चौकात सगळे त्याला गद्दार म्हणत. त्यात अपमान नव्हता. तो त्याचा हुद्दा होता. जुन्या कारंज्याच्या हौदात रोज पर्यटकांसमोर त्याला बुडवून मारलं जाई. असा कुणी गद्दार खरोखर होऊन गेला का, याबद्दल गाईड मंडळींत दुमत होतं. तो कसा मेला, याबद्दल मात्र नव्हतं. इतक्या लांबून आलेल्या माणसांना नुसते दगडी सिंह आणि पाणी पुरत नाही, कुणाला तरी मरावं लागतं.

बुडवणारा जल्लाद म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. ही नोकरीही दाजींनीच लावून दिलेली. पद्धत ठरलेली होती: दम संपत आला की गद्दाराने पाण्याखालून जल्लादाच्या मनगटाला चिमटा काढायचा, जल्लादाने डोकं वर काढायचं, लोकांना मनसोक्त शिव्या घालू द्यायच्या आणि पुन्हा दाबायचं. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

एका संध्याकाळी ताई त्याच्या दोन खोल्यांत आली. ओठ फाटलेला, हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला. दाजींनी हात दारात धरून दार लावलं होतं. परत जाणार नाही, एवढंच ती म्हणाली. त्याने तिचं हाड बसवून आणलं आणि सकाळी नेहमीसारखा कामावर गेला. भर चौकात, एवढ्या लोकांसमोर दाजी काय करणार, असा त्याचा अंदाज. माणूस इतकी वर्षं बुडाला की अक्कलही थोडी भिजते.

पहिल्यांदा डोकं वर आलं तेव्हा जल्लादाच्या काळ्या बुरख्यातून कानाशी प्रश्न आला, "पाठवतोस तिला?"

"नाही."

पुढच्या वेळी त्याने चिमटा काढला, मग नखं रुतवली. मनगटातून रक्त आलं, पण पकड सुटेना. तो लाथा झाडू लागला तशा टाळ्या वाढल्या. मरणाचा इतका जिवंत प्रयोग आजवर झाला नव्हता. वर आल्यावर तो पाणी ओकला.

"शेवटचं विचारतो."

बोलायला श्वास नव्हता. त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

मग पाण्याखाली त्याने अंग सैल सोडलं. मेला की काय, हे बघायला दाजी वाकले, तेव्हा त्याने बुरख्यासकट त्यांचं डोकं धरलं आणि हौदाच्या काठावर आपटलं. पुन्हा आपटलं. दगड शतकानुशतकं जुना होता. दात त्यामानाने नवे. पाणी लाल झालं तशा टाळ्या विरळ होत थांबल्या. एका वयस्कर पर्यटकाने तिकीट खिडकीवर तक्रार केली, की गद्दार वाचतो असं माहितीपुस्तिकेत कुठेच नाही.

पोलिसांनी जबाब घेऊन त्याला घरी सोडलं. दाजी तोंड शिवून घ्यायला गेले होते. ताईने त्याच्या मानेवरचे काळेनिळे वळ पाहिले.

"तो इथे येईल," ती म्हणाली.

"येऊ दे," तो कान पुसत म्हणाला. "दात नसताना काय म्हणतोय ते आता कळायचं नाही."

ताई हसली, त्याबरोबर ओठ पुन्हा उलला. मग दोघांनी कपाट ओढून दाराला लावलं. तिचा एकच हात चालत होता, त्यामुळे जरा वेळ लागला.