मागच्या चाकाखालचा डाग

माझे वडील बोथ गावी भाड्याची जीप चालवत. जीपखाली पडलेला थेंब ते मला बोटावर घ्यायला लावायचे आणि विचारायचे, "सांग, काय हाय हे?" काळं, चिकट म्हणजे इंजिनचं ऑइल. हिरवट आणि गोडसर वासाचं म्हणजे रेडिएटरचं पाणी. लग्न होऊन आदिलाबादला आले, तेव्हा हे ज्ञान इथे कुणाला नको होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी जुनी गाडी घेतली. किराणा दुकान नीट चाललं होतं, घरापुढे गाडी असावी अशी हौस होती. काही महिन्यांतच अंगणातल्या फरशीवर डाग पडू लागले. मी दुकानातला एक खोका फाडून रात्रभर गाडीखाली अंथरला. सकाळी पुढे इंजिनखाली काळा डाग होता, ती गळती जुनीच. डाव्या बाजूला नुसतं पाणी, एसीचं. पण मागच्या उजव्या चाकाशी पातळ, पिवळसर, बुळबुळीत काहीतरी होतं. टायरच्या आतल्या अंगाला हात लावला, तर तोही ओला. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली. ऑइल खालच्या रेघेच्याही खाली उतरलं होतं.

"अहो, ब्रेक ऑइल गळून राह्यलं. मिस्त्रीकडे न्या गाडी," मी म्हणाले.

"जुनी गाडी हाय, थोडंफार गळतेच. तू काऊन मिस्त्री होऊन राह्यली?" हे म्हणाले. शेजारी चहा पीत बसलेला दीर खो-खो हसला.

मग मीच मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "भाभी, भैया को फोन दो ना." ह्यांनी फोन घेतला आणि हसतच सांगितलं, "कुछ नहीं, ये जरा डरती है." दुपारी बाजारातून ब्रेक ऑइलची बाटली आणून त्यांनी डबी भरली. "घे, भरलं. आता झालं समाधान?"

गळतं ते भरून थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. रोज तेच तेच बोलून घरात हसं करून घ्यायचा मला कंटाळा आला होता.

आठवड्याभराने हे सासूबाईंना घेऊन इंद्रवेल्लीला साखरपुड्याला निघाले. मी दुकानावर थांबले. वाटेत उतारावर समोर बैलगाडी आली. ह्यांनी ब्रेक दाबला, तर पाय थेट खाली गेला. गाडी कापसाच्या पऱ्हाटीत घुसून बांधावर आदळली. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला हे सांगत होते, "ब्रेक एकदम फेल झाले. कोणाले काय मालूम?" तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या भावाला तेच सांगत असताना मला राहवलं नाही. "मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "तुले मालूम होतं? तरी तू मले गाडीत बसू देलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हे सलाईनच्या बाटलीकडे पाहत उभे राहिले. "तिनं मलाही सांगितलं होतं" एवढं म्हणायला त्यांना किती वेळ लागला असता?

गाडी नंतर विकली. सासूबाई वॉकर धरून चालतात. त्यांची आंघोळ मीच घालते, पण कामापुरतंच बोलणं होतं. सोयऱ्यांमध्ये गोष्ट अशी फिरते की सुनेला सगळं माहीत होतं.

एकदा जेवताना हे म्हणाले, "तू तवा नीट समजावून सांगतलं असतं, तं मी ऐकलं असतं."

मी त्यांच्या ताटात भाकर वाढली आणि उठून सासूबाईंचं पाणी तापवायला गेले.