रिकामी गिरणी परत द्यायची नसते

परक्याच्या वस्तूची माझी आत्या जेवढी बडदास्त ठेवते, तेवढी लोकांनी आपापल्या वस्तूंची ठेवली असती, तर सबंध बीड जिल्ह्यातली दुरुस्तीची दुकानं केव्हाच बंद पडली असती. शेजारणीकडून मागून आणलेली परात ती स्वतःच्या परातीपेक्षा लख्ख घासते, आणि परत देताना रिकामी कधीच देत नाही. मूठभर शेंगदाणे, दोन वांगी, काहीच नसलं तर गुळाचा खडा. मी बीडच्या एसटी स्टँडवर ग्राहक हक्कांची पत्रकं वाटतो; एक तिलाही दिलं होतं. पुढच्या भेटीत तिनं ते घडी करून परत केलं, आत भाजलेले शेंगदाणे. "वाचलं. लई चांगलं हाय. आता दुसऱ्या कुनाला दे." आमच्या पत्रकाची एवढी अदब आजवर एकाही दुकानदारानं राखलेली नाही.

मांजरसुंब्याला फाट्याजवळ तिची पिठाची गिरणी आहे. म्हणजे चालवायची ती, पण कागदोपत्री गिरणी दुकानदाराची. 'दरमहा भाडं भरा, शेवटच्या हप्त्याला गिरणी तुमची' असा तो करार. त्याची प्रतसुद्धा आत्याला दिली नव्हती. मी भांडून झेरॉक्स मिळवली आणि वाचून माझं डोकंच तडकलं. एक हप्ता चुकला की गिरणी उचलणार, आणि तोवर भरलेलं सगळं भाडं म्हणून जिरवणार! हा करार नव्हे, सापळा आहे. मी आत्याला तावातावानं समजावलं की अशा एकतर्फी अटीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, स्वतः राबून पोट भरणारी बाई कायद्यानं ग्राहकच असते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हळू बोल, ती ऐकती." ती म्हणजे गिरणी. पाव्हणी आलेली बाई जपावी तशी आत्या तिला जपायची. बटणांवरचं प्लास्टिक तिनं काढलं नव्हतं. दळायला आलेली बाई जरा रेलली की लगेच, "टेकू नकू माय, परक्याची हाय."

मग आत्या तापानं अंथरुणाला खिळली आणि एक हप्ता राहिला. ती उठून बसते न बसते तोच तिचा फोन. मदतीसाठी नव्हे, आमंत्रणाचा! "गिरणी चाललीय रे. येऊन भेटून जा."

मी मोटारसायकल हाणत पोचलो. दारात टेम्पो. गिरणीला दोर बांधलेला. ती न्यायला आलेले दुकानदाराचे दोन गडी मांडी घालून पिठलं-भाकरी खातायत आणि आत्या सूप घेऊन ज्वारी निवडतेय.

"हे काय चाललंय?"

"आरं, रिकामी कशी धाडू? एवढी ज्वारी दळते, पीठ भरून देते, मग नेतील."

"आटप बे, मालक बोंबलंल," एक गडी दुसऱ्याला म्हणाला.

"तू आटप. तिसरी भाकर कुनी घेतली?"

मी विचारलं, "नोटीस कुठंय? लेखी कळवायचं, मुदत द्यायची, ते सोडून दारात टेम्पो लावता? ही दांडगाई आहे!"

"दादा, आमी कुठं दांडगाई केली? मावशीनंच जेवाया बसवलं."

"जेवत्या मानसावर वरडू न्हाई," आत्यानं मलाच दटावलं.

"आणि तू देत होतीस? हप्ते संपत आले तुझे. ही गेली तर खाशील काय?"

सुपावरचे तिचे हात थांबले. "मागितल्यावर न्हाई कसं म्हनावं? त्यांची हाय ना ती."

"कागदावर असेल. पण तुझ्याकडून अशी काढून न्यायचा हक्क त्यांना नाही."

मग सुपातली ज्वारी तिनं पोत्यात परत ओतली. "ऱ्हाऊ द्या मग, बाबांनो. टेम्पो मातर रिकामा नेऊ नका, तेवढी वांगी घेऊन जा."

मी दुकानदाराला वकिलाची नोटीस धाडली तसा तो वरमला. राहिलेला हप्ता दंडाशिवाय घेतला, गिरणी उचलायची अट खोडून दिली. मला एवढ्यावर सोडायचं नव्हतं. आयोगापुढं मानसिक त्रासाची भरपाई मागायची, असा तक्रारीचा मसुदाही मी लिहिला होता. आत्यानं तो वाचायला लावला आणि मधेच अडवलं. "मला कावून तरास झाला? दोन मान्सं जेवून गेली, तेवढंच. खोटं लिवू नको." तक्रार तिथंच राहिली. ग्राहक चळवळीतले माझे मित्र यावरून मला अजून टोमणे मारतात.

शेवटचा हप्ता भरून आता बरेच दिवस झाले. गिरणी तिची आहे आणि रोज चालते. पूर्वी आत्या पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची. तापानंतर तिचा आवाज तेवढा चढत नाही. ती काहीतरी सांगत असते, ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. गिरणी बंद करून सांग, असं मी म्हणत नाही. पायरीवर बसतो, मान डोलावत राहतो. खांद्यावर पीठ बसत जातं, ते झटकत नाही.