तपासणीच्या दिवशी ललिता नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सोबतच्या शिक्षिकांना तर नाहीच. सांगून कोणतं तोंड दाखवणार होते?

नाशिकच्या कडेच्या एका शाळेत मी पाचवीला शिकवते. आजूबाजूला झेंडूची, भाजीची शेतं. तिथे कामाला पेठ तालुक्याकडून आलेल्या एका कुटुंबातली ललिता माझ्या वर्गात होती. अपूर्णांकांचा लहानमोठेपणा काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हता. एक छेद सहा आणि एक छेद आठ, यांत मोठा कोणता — ती आठवाल्यावर बोट ठेवायची. सहापेक्षा आठ मोठे, मग? चिडून मी तिला वर्गासमोर उभं केलेलं आहे. पण मला सांगायचंय ते हे नव्हे. ते पुढे आहे —

एका दुपारी मी तिला कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या आणि फाडायला लावल्या. एकीचे सहा तुकडे, दुसरीचे आठ. तिने एकीचा तुकडा दुसरीच्या तुकड्यावर ठेवून पाहिला. मग हळूच म्हणाली, "खाणारी तोंडं वाढली की वाटा बारीक होतो, मॅडम." त्यानंतर तिचं एकही गणित चुकलं नाही. फळ्यावर चार अपूर्णांक लिहिले तर चारही चढत्या क्रमाने लावायची.

आणि त्याच आठवड्यात तपासणी आली. साहेब मुलांना उभं करून प्रश्न विचारणार, असं कळलं. अनोळखी माणसासमोर ललिताची वाचा बसते, हे मला ठाऊक होतं. ती गप्प राहिली तर? माझा वर्ग, माझं नाव — दुसरं काही डोक्यात नव्हतं. शाळा सुटताना मी तिला थांबवलं.

"उद्या तू येऊ नकोस."

"मला आता येतं ना, मॅडम?"

मी फळा पुसायला वळले. "सांगितलं तेवढं कर," म्हणाले.

साहेब आले. अपूर्णांकच विचारले. मुलांनी पटापट उत्तरं दिली, माझं कौतुक झालं, चहा झाला. तो चहा मला गोड लागला — हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी तिची आई तिला दंडाला धरून घेऊन आली. आदल्या दिवशी ललिता घरून दप्तर घेऊन निघाली होती आणि दिवसभर झेंडूच्या बांधावर बसून राहिली होती. माझं नाव तिने घरी सांगितलंच नव्हतं. "मॅडम, ही साळा का बुडवती?" आईने विचारलं. मुख्याध्यापक शेजारीच उभे होते.

मी म्हणाले, "तिचं अभ्यासात लक्षच नाही."

आईने तिथेच तिच्या थोबाडीत मारली. ललिताने माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकत होते — एका वाक्याचं तर काम. नाही बोलले.

पुढे ती रोज आली. पण फळ्याजवळ बोलावलं की जागेवरूनच म्हणायची, "मला नाय येत, मॅडम." साध्यात साधं विचारलं तरी तेच. वर्ग हसायचा. मी खडू दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचे.

पाचवीनंतर तिची शाळा सुटली. शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, त्या पोरीला गणित झेपतच नव्हतं. मी मान डोलावली.

तिला येत होतं.