वसंताच्या दाराला कुलूप नव्हतं

वसंता गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मला आधी रागच आला. आदल्याच संध्याकाळी घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर, त्याच्या झोपडीच्या उंबऱ्यावर बसून आम्ही भांडलो होतो. "चार दिस गावाक जावन ये, तब्येत बघ जरा," मी म्हणत होतो. "आणि घराकडे कोण बघतलो?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. सहा वर्षं तेच... आता महिना झाला, तरी डोकं शांत होत नाही.

आम्ही एकाच गावचे. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून तो माझ्या शेजारी आला. आमच्या कोकणी माणसाला एक वेळ जेवण नसलं तरी चालेल, गणपतीला गाव हवंच. सहा वर्षांपूर्वी मात्र मोजणी होणार अशी कुणकुण होती, म्हणून तो निघत नव्हता. मीच मागे लागलो, "जा रे, घर काय पळान जातला?" तो बायकोपोरांना घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी मोजणीवाले आले, दारादारावर काळ्या रंगानं नंबर टाकत. ज्याच्या दारावर नंबर, त्याला उद्या झोपड्या हटवल्या तर दुसरी जागा. वसंताच्या दाराला कुलूप. "गणपतीला गावी गेलेत," मी सांगितलं. "चावी आहे का?" मोजणीवाल्यानं विचारलं. आता लिहूनच टाकतो... चावी माझ्याच घरात, खुंटीला होती. आतली चूल, भांडी, अंथरुणं, सगळं दाखवता आलं असतं. पण मला ऑफिसला उशीर होत होता. मी "नाही" म्हणालो. त्यानं कागदावर 'बंद' लिहिलं आणि पुढचा नंबर पलीकडच्या दारावर टाकला.

वसंता परतला तो गावच्या गोड खाज्याचा पुडा हातात घेऊन दारासमोर उभाच राहिला. "माझो नंबर खंय?" एवढंच म्हणाला. मग रेशनकार्ड, गिरणीचं कार्ड, अर्जांच्या नकला घेऊन त्यानं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. मीही सोबत जायचो, तोंड शिवून. फार लाज वाटायची. "उद्या या"च्या पुढे गाडी कधी सरकली नाही. त्यानंतर त्याच्या दाराला कुलूप म्हणून लागलं नाही. बाप गेला तेव्हा अग्नी धाकट्या भावानं दिला; हा बायकोपोरांना पाठवून इथेच. आम्ही त्याला 'वॉचमन' म्हणून चिडवायचो, तो हसायचा. अगदीच बाहेर जावं लागलं, तर मला दारात बसवून जायचा.

त्याच्या दिवसकार्यासाठी वहिनी गावी गेल्या, तेव्हा मी रजा टाकून त्याच्या दारात बसलो. त्या परतल्यावर मात्र राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी चावी माझ्याकडे होती."

त्या पिशवीची गाठ सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेंका ठावक होता, भावजी. समोरच्या म्हातारेन तेवाच सांगितल्यान."

त्याला माहीत होतं. आणि तरी घर राखायला अख्ख्या डोंगरावर तो दुसऱ्या कुणालाच बसवत नसे.